स्नायुप्रथिने : आकुंचन व कोशिका-संदेशवहन यांच्या संबंधाचा इतिहास

स्नायूच्या कोशिकेतील (पेशीतील) ज्या प्रथिनांमुळे स्नायू आखडतो, त्यांतील अनेक प्रथिने कोशिकेत संदेश पोहोचविण्याचेही कार्य करतात. आकुंचन किती वेळा झाले, किती ताण पडला, किती ऊर्जा खर्च झाली याची वार्ता या प्रथिनांमार्फत कोशिकेच्या केंद्रकापर्यंत जाते व त्यानुसार स्नायूची वाढ, झीज आणि दुरुस्ती होते. याउलट हॉर्मोने व तंत्रिका (मज्जातंतू) यांच्याकडून आलेल्या संदेशानुसार हीच प्रथिने आकुंचनाचा वेग व जोर बदलतात. स्नायू हे केवळ हुकूम पाळणारे यंत्र नसून स्वतःच्या श्रमाची नोंद ठेवणारे इंद्रिय आहे, ही समजूत शास्त्रात रुजण्यास सु. शंभर वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत त्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

एका साध्या उदाहरणाने विषय स्पष्ट होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडी हे कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील दत्तक्षेत्र असून तेथे गावाकडून नदीकडे उतरणारा पायऱ्यांचा घाट आहे. पायऱ्या चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीराचा भार उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असता भार तोलून धरतो. दोन्ही वेळा स्नायूत ताण असतो, पण दोन्हींचे परिणाम सारखे नसतात. सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. रोज चढउतार करणाऱ्याच्या मांड्या मात्र काही आठवड्यांत त्या श्रमाला सरावतात. पहिल्या दिवशीच्या ताणाची खूण कोशिकेत कोठेतरी उमटल्याशिवाय हा सराव संभवत नाही. ती खूण कोठे व कशी उमटते, हाच या विषयाचा गाभा आहे.

तालमीतील अनुभव : श्रमाने स्नायू वाढतो हे ज्ञान प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीचे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूर ही मल्लविद्येची राजधानी बनली. तेथील खासबाग मैदान १९१२ मध्ये बांधून पूर्ण झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इ. तालमींतून जोर, बैठका, हौद्यातील माती उकरणे, करेल फिरविणे असा मेहनतीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मेहनत हळूहळू वाढवावी, तिच्या जोडीला खुराक व विश्रांती असावी, मेहनत सुटली की अंग उतरते, हे वस्तादांचे नियम अनुभवातून आलेले होते. दूध, तूप व बदाम कितीही खाल्ले तरी मेहनतीवाचून दंड भरत नाही, या निरीक्षणात एक शास्त्रीय प्रश्न दडलेला होता : खाल्लेल्या अन्नापैकी किती भाग कोणत्या स्नायूच्या वाट्याला जावा, हे कोण ठरविते?

आकुंचनाविषयीच्या जुन्या कल्पना : प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यकाच्या परंपरेत तंत्रिकांतून वाहणारे एखादे सूक्ष्म द्रव्य स्नायूत शिरते व त्यामुळे तो फुगून आखूड होतो, असे मानीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच निसर्गवैज्ञानिक यान स्वामरडाम यांनी बेडकाचा स्नायू बंद नळीत ठेवून तो आखडला असता त्याचे घनफळ वाढत नाही असे दाखविले. बाहेरून काही आत येत नसेल, तर आकुंचनाचे कारण स्नायूच्या आतच शोधले पाहिजे हे त्यामुळे उघड झाले. १८४० मध्ये इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम बोमन यांनी ऐच्छिक स्नायूतील आडव्या पट्ट्यांचे तपशीलवार वर्णन केले. १८६४ मध्ये जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक विल्हेल्म क्यूने यांनी स्नायूतून मिळविलेल्या प्रथिनाला मायोसीन हे नाव दिले. १८९७ मध्ये इटालियन वैज्ञानिक बेनेदेत्तो मोर्पुर्गो यांनी कुत्र्यांना दीर्घकाळ धावण्याचा व्यायाम देऊन, स्नायूची वाढ तंतूंची संख्या वाढल्याने नव्हे, तर प्रत्येक तंतू जाड झाल्याने होते असे दाखविले. तथापि वाढीचा हा अभ्यास व आकुंचनाचा अभ्यास हे पुढे अनेक दशके दोन वेगळ्या वाटांनी चालले.

ऊर्जेचा शोध आणि भारतीय सहभाग : विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत संशोधकांचे लक्ष मुख्यतः आकुंचनासाठी ऊर्जा कोठून येते याकडे होते. या कार्यात एका भारतीय वैज्ञानिकाचे नाव अग्रभागी आहे. आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे गेले. हार्व्हर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरसाचे अल्प प्रमाण मोजण्याची एक रंगमापन पद्धती सिद्ध केली. तिच्या साहाय्याने १९२७ मध्ये त्यांना स्नायूत फॉस्फोक्रिएटीन हे संयुग आढळले; ते आकुंचनाच्या वेळी खर्च होते व विश्रांतीत पुन्हा भरून निघते. १९२९ मध्ये फिस्क व सुब्बाराव यांनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीत कार्ल लोहमान यांनी ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) हे द्रव्य स्नायूतून वेगळे केले. १९३९ मध्ये मॉस्को येथे व्ल्यादिमिर एंगेलहार्ट व मिलित्सा ल्युबिमोवा या दांपत्याने एटीपीचे विघटन करणारे एंझाइम दुसरेतिसरे काही नसून मायोसीनच आहे असे दाखविले. स्नायूची रचना उभी करणारे प्रथिनच रासायनिक क्रियाही घडविते, हा निष्कर्ष त्या काळी अनपेक्षित होता. एकाच प्रथिनाकडे दोन कामे असण्याचे हे या विषयातील पहिले उदाहरण.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेड येथे आल्बेर्ट सेंट-ड्यर्दी व त्यांचे सहकारी ब्रूनो श्ट्रौब यांनी ॲक्टिन हे दुसरे प्रथिन शोधून काढले. ॲक्टिन व मायोसीन यांच्या मिश्रणापासून बनविलेले धागे एटीपी मिळताच आखडतात, हे त्यांनी नळीत प्रत्यक्ष दाखविले. २२ मे १९५४ रोजी नेचर या नियतकालिकात दोन निबंध शेजारीशेजारी प्रसिद्ध झाले : एक अँड्रू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता. स्नायूतील जाड (मायोसीनचे) व बारीक (ॲक्टिनचे) सूक्ष्मतंतू स्वतः आखूड होत नाहीत; ते एकमेकांवरून सरकतात. या सरक-तंतू सिद्धांताने आकुंचनाचे यांत्रिक कोडे बऱ्याच अंशी सुटले. दोन झेड चकत्यांमधील भाग हा स्नायुखंड होय. असे हजारो खंड ओळीने जोडलेले असतात व प्रत्येक खंड किंचित आखूड झाला की संपूर्ण स्नायू आखडतो.

कॅल्शियम : एक संदेश, दोन श्रोते : १८८३ मध्ये लंडनचे सिडनी रिंगर यांना असे आढळले की, बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात बनविलेल्या मिठाच्या विद्रावात धडधडत राहते, पण ऊर्ध्वपातित पाण्यातील विद्रावात लवकरच थांबते. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे या फरकाचे कारण होते. या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ कळण्यास मात्र सु. ८० वर्षे जावी लागली. १९४७ मध्ये लुईस हाइलब्रन व फ्लॉइड विअरसिन्स्की यांनी स्नायुतंतूत विविध आयन टोचून पाहिले असता शरीरात सामान्यतः आढळणाऱ्या आयनांपैकी कॅल्शियमानेच आकुंचन घडते असे दिसले. १९६०–७० या दशकात टोकिओ विद्यापीठातील सेत्सुरो एबाशी यांनी बारीक सूक्ष्मतंतूंवर बसणारे एक प्रथिनसंकुल शोधले व १९६५ मध्ये त्याला ट्रोपोनीन हे नाव मिळाले. विश्रांत कोशिकेत मुक्त कॅल्शियमाचे प्रमाण कोशिकेबाहेरील प्रमाणाच्या सु. दहा हजारांश असते. तंत्रिकेचा आवेग आला की स्नायुजालिकेत साठविलेले कॅल्शियम बाहेर पडते, ट्रोपोनिनाला चिकटते, ट्रोपोमायोसीन हे प्रथिन बाजूला सरते व मायोसिनाला ॲक्टिन पकडण्यास जागा मिळते. कॅल्शियम पुन्हा जालिकेत ओढले गेले की स्नायू सैल पडतो.

याच सुमारास वेगळ्याच दिशेने चाललेले संशोधन येथे येऊन मिळाले. सिअॅटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास असे दाखविले की, स्नायूतील ग्लायकोजेनाचे विघटन करणारे फॉस्फोरिलेज हे एंझाइम त्याला फॉस्फेट गट जोडला की कार्यक्षम होते व तो काढला की मंदावते. प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याचे वर्तन बदलण्याची ही क्रिया (फॉस्फरीकरण) पुढे सर्व प्रकारच्या कोशिकांत संदेशवहनाची मुख्य भाषा असल्याचे सिद्ध झाले. १९९२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या शोधाबद्दल उभयतांना मिळाले. फॉस्फोरिलेजाला फॉस्फेट जोडणारे कायनेज कॅल्शियमाच्या अत्यल्प प्रमाणाने जागृत होते असे १९६७ मध्ये एबाशी यांच्या गटाने दाखविले, तर त्या कायनेजाचाच एक घटक कॅल्मोड्युलीन हे कॅल्शियमग्राही प्रथिन असल्याचे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. अर्थात ज्या कॅल्शियमामुळे स्नायू आखडतो, त्याच कॅल्शियमामुळे त्याच क्षणी इंधनाचे कोठारही उघडते. आकुंचन व संदेशवहन यांची सांधेजोड रेणूंच्या पातळीवर दाखविणारा हा पहिला निःसंदिग्ध पुरावा होय.

श्रमाची पद्धत व स्नायूचा प्रकार : कोंबडीच्या छातीचे मांस पांढरे व पायाचे तांबूस असते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पांढरे तंतू जलद आखडतात व लवकर थकतात; तांबडे तंतू सावकाश आखडतात व दीर्घकाळ टिकतात. १९६० मध्ये आर्थर बुलर, जॉन एक्लिस व रोझामंड एक्लिस यांनी मांजरीच्या पायातील जलद व मंद स्नायूंच्या तंत्रिकांची अदलाबदल केली असता काही आठवड्यांनी जलद स्नायू मंद व मंद स्नायू काहीसा जलद झाल्याचे आढळले. तंत्रिकेतून एखादे पोषक द्रव्य येत असावे, असा प्रथम कयास होता. परंतु १९६९ मध्ये स्टॅनली सालमन्स व गेर्टा व्र्‌बोवा यांनी सशाच्या जलद स्नायूला मंद तंत्रिकेच्या धाटणीने विद्युत् उद्दीपन सतत दिले असता तो मंद बनत गेल्याचे दाखविले. निर्णायक गोष्ट द्रव्य नसून आकुंचनाचा क्रम आहे, हे यातून दिसून आले. हा क्रम केंद्रकाला कसा कळतो, याचे एक उत्तर १९९८ मध्ये मिळाले. दीर्घकाळ किंचित वाढलेले कॅल्शियम कॅल्सिन्यूरीन या एंझाइमाला जागृत करते. ते एका नियामक प्रथिनावरील फॉस्फेट काढून टाकते. मोकळे झालेले हे प्रथिन केंद्रकात शिरून मंद तंतूंस आवश्यक असलेल्या जीनांना चालना देते. क्षणभर उसळून ओसरणाऱ्या कॅल्शियमाने हे घडत नाही. कॅल्शियमाच्या उसळीचा कालावधी हाही एक संदेशच असतो.

ताणाचे संवेदन : तालमीतील प्रश्नाला प्रयोगशाळेत पहिले स्पष्ट उत्तर मिळाले ते १९६७ मध्ये. अमेरिकन वैज्ञानिक आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी उंदरांतील पोष ग्रंथी (पिट्युइटरी) काढून टाकली. त्यामुळे वाढीचे हॉर्मोन नाहीसे झाले. तरीही पायाच्या एका स्नायूवर जादा भार टाकताच तो वाढला. दुसऱ्या पायाचा तोच स्नायू पूर्ववत् राहिला. मधुमेही उंदरांतही हेच आढळले. रक्तातून फिरणारा संदेश सर्व स्नायूंना सारखाच मिळत असल्याने वाढ कोठे व्हावी याचा निर्णय भार सोसणाऱ्या स्नायूतच होतो, असे यावरून अनुमान निघाले. १९७९ मध्ये हर्मन व्हँडेनबर्ग व सीमोर कॉफमन यांनी कोंबडीच्या भ्रूणातील स्नायुकोशिका ताणता येणाऱ्या पटलावर वाढवून केवळ ताणानेच त्यांतील प्रथिननिर्मिती वाढते असे दाखविले. तेथे तंत्रिका नव्हती, रक्तप्रवाह नव्हता. ताण ओळखणारी यंत्रणा कोशिकेच्या आतच असली पाहिजे, हे निश्चित झाले.

या यंत्रणेच्या शोधात टिटिन या प्रथिनाला विशेष महत्त्व आले. जपानमध्ये कोस्साक मारुयामा यांनी १९७६–७७ च्या सुमारास कनेक्टिन या नावाने व अमेरिकेत कुआन वांग यांनी १९७९ मध्ये टिटिन या नावाने त्याचे वर्णन केले. सु. ३५,००० ॲमिनो अम्लांचे हे प्रथिन मानवी शरीरातील ज्ञात प्रथिनांत सर्वांत मोठे आहे. त्याचा एकच रेणू झेड चकतीपासून स्नायुखंडाच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो. दोरीवर मणी ओवावेत तशा त्यात शेकडो घड्या असतात. १९९७ मध्ये म्यूनिक येथील संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने एकेक रेणू ताणून या घड्या एकामागून एक उलगडतात असे दाखविले. सैल पडलेला स्नायू ताणला असता जो मऊ प्रतिकार जाणवतो, तो बराचसा टिटिनामुळे असतो. त्याच्या मध्यरेषेजवळील भागात कायनेजासारखा एक खंड आहे. त्या खंडापासून काही मध्यस्थ प्रथिनांमार्फत केंद्रकातील जीन-नियामकापर्यंत जाणारी एक संदेशमालिका २००५ मध्ये वर्णिली गेली. ताणामुळे हा खंड किंचित उघडतो आणि संदेश सुरू होतो, अशी ही उपपत्ती आहे.

टिटिनाचे दुसरे टोक जेथे रोवलेले असते ती झेड चकती पूर्वी केवळ खुंटी मानली जाई. १९९४ मध्ये सिल्व्हिया आर्बर, गेऑर्ग हाल्डर व पिको कारोनी यांनी स्नायु-एलआयएम प्रथिन वर्णिले. १९९७ मध्ये त्या प्रथिनाचा अभाव असलेल्या उंदरांत हृदय फुगून दुबळे होते असे आढळले. हे प्रथिन झेड चकतीत तसेच केंद्रकातही सापडत असल्याने तेच ताणाचा निरोप पोहोचविणारा जासूद असावे, असा विचार पुढे आला. त्यावर मतभेद झाले व ते पूर्णपणे मिटलेले नाहीत. तथापि झेड चकतीत कॅल्सिन्यूरीन व अनेक कायनेजे बांधून ठेवलेली असतात हे सर्वमान्य आहे. १९८३ मध्ये झेड चकतीच्या रेषेत कोशिकापटलालगत प्रथिनांच्या बरगड्यांसारख्या पट्ट्या आढळल्या. त्यांना कॉस्टामीअर म्हणतात. आकुंचनाचे बल त्यांच्याद्वारे आडव्या दिशेने बाहेरील संयोजी ऊतकापर्यंत पोहोचते आणि बाहेरील ताणाची खबर आत येते.

वाढीची आज्ञा अखेर कशी दिली जाते, याविषयी २००१ मध्ये महत्त्वाचे पुरावे मिळाले. भार वाढला असता एमटॉर या कायनेजामार्फत प्रथिननिर्मितीला वेग येतो; स्नायू निकामी पडून राहिला असता एट्रोजिन-१ व मर्फ-१ ही प्रथिने जुन्या प्रथिनांवर विनाशाची खूण करतात. वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन १९९७ मध्येच सापडले होते. मेहनत सुटली की अंग उतरते, या वस्तादांच्या अनुभवाचे रासायनिक रूप ते हेच. आकुंचन पावणारे स्नायू रक्तात इंटरल्यूकिन-६ यांसारखी द्रव्ये सोडतात, हे २००० नंतर डेन्मार्कमधील संशोधनाने दाखविले. त्यामुळे स्नायूचा संदेश यकृत व मेदऊतक यांच्यापर्यंत जातो.

दुवा तुटल्याने होणारे विकार : या दुव्याचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे कळते ते तो तुटला असता. फ्रेंच वैद्य गीयोम द्यूशेन यांनी १८६० नंतरच्या दशकात वर्णिलेल्या स्नायु-अपपोषणात मुलगा तीनचार वर्षांचा होईपर्यंत बहुधा काही लक्षात येत नाही. पुढे तो वारंवार पडू लागतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठतो आणि किशोरावस्थेच्या आरंभी त्याचे चालणे थांबते. १९८६–८७ मध्ये बॉस्टन येथे लुईस कुंकेल व त्यांचे सहकारी यांनी यास कारणीभूत जीन व त्यापासून बनणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शोधले. ॲक्टिनाचे जाळे कोशिकापटलातील प्रथिनसंकुलाशी बांधून ठेवणे हे त्याचे काम आहे, असे कळल्यावर प्रथम त्याच्याकडे केवळ धक्के सोसणारे प्रथिन म्हणून पाहिले गेले. १९९५ मध्ये मात्र नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एंझाइम याच संकुलाला जोडलेले असल्याचे दिसून आले. हा वायू श्रम करणाऱ्या स्नायूतील रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्यास मदत करतो. डिस्ट्रोफिन नसेल तर कोशिकापटल फाटतेच, शिवाय राबणाऱ्या स्नायूला अधिक रक्त हवे आहे हा निरोपही नीट पोहोचत नाही.

याच संकुलात सारकोग्लायकन नावाची चार प्रथिने असतात. त्यांतील दोषांमुळे खांदे व कंबर यांभोवतीचे स्नायू क्षीण होणारा, मुलगे व मुली या दोघांनाही होणारा विकार उद्‌भवतो. मुंबईतील तंत्रिकाविकारतज्ञ सतीश खाडिलकर व त्यांचे सहकारी यांनी मुंबई परिसरातील अशा रुग्णांच्या जीनांचा अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध केला. गॅमा-सारकोग्लायकनाच्या जीनातील एकच अक्षर गळालेले एक विशिष्ट उत्परिवर्तन त्यांत मोठ्या प्रमाणावर आढळले. हेच उत्परिवर्तन उत्तर आफ्रिकेतील रुग्णांतही ज्ञात होते. गॅमा-सारकोग्लायकनाला ताणाच्या वेळी फॉस्फेट गट जोडला जातो व त्यामुळे कोशिकेतील संदेशमालिका बदलते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अशा अभ्यासाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. कोणत्या प्रदेशात कोणते उत्परिवर्तन अधिक, हे ठाऊक असल्यास निदान लवकर होते, स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची गरज पुष्कळदा टळते व कुटुंबाला पुढील अपत्याविषयी योग्य सल्ला देता येतो.

हृद्स्नायू आणि दक्षिण आशियातील एक उत्परिवर्तन : हृदयात आकुंचन व संदेश यांचा संबंध अधिकच निकट असतो, कारण हृदयाला विश्रांतीसाठी थांबता येत नाही. भीती वा श्रम यांमुळे ॲड्रिनलीन स्रवले की हृदयाचे ठोके जलद होतात. पण ठोके नुसते जलद होऊन भागत नाही, दोन ठोक्यांमधील शिथिलनही तितकेच लवकर व्हावे लागते, नाहीतर हृदय भरणार नाही. ॲड्रिनलिनामुळे जागृत होणारे एक कायनेज यासाठी एकाच वेळी अनेक प्रथिनांना फॉस्फेट जोडते : ट्रोपोनीन कॅल्शियम लवकर सोडते, १९७४–७५ च्या सुमारास वर्णिलेले फॉस्फोलँबान हे प्रथिन कॅल्शियमाच्या पंपावरील लगाम सैल करते, आणि मायोसीनबंधक प्रथिन-सी हे मायोसिनाच्या डोक्यांना मोकळीक देते. या शेवटच्या प्रथिनाचे वर्णन १९७३ मध्ये जेराल्ड ऑफर व त्यांचे सहकारी यांनी केले होते. ते जाड सूक्ष्मतंतूंना ठरावीक अंतरावर बांधणारा पट्टा असावे, असे प्रारंभी वाटले. ॲड्रिनलीन दिलेल्या हृदयात त्याला फॉस्फेट जोडला जातो हे १९८० मध्ये आढळल्यावर तो पट्टा नसून लगाम आहे, हे कळू लागले.

१९९५ मध्ये या प्रथिनाच्या जीनातील दोषांमुळे हृदयाची भिंत अवाजवी जाड होणारा आनुवंशिक विकार होतो असे सिद्ध झाले. २००९ मध्ये हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील कुमारसामी तंगराज, पी. एस. धंडपाणी व त्यांचे सहकारी यांनी नेचर जेनेटिक्समध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, या जीनातील २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडातील लोकांत सु. ४ टक्के आहे व हृदय दुबळे होण्याचा धोका अशा व्यक्तींत अधिक असतो. हा दोष बहुधा उतारवयात प्रकट होतो. अपत्ये होऊन गेल्यानंतर तो बाधत असल्याने पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. तुकडा गळालेल्या बहुसंख्य व्यक्ती मात्र निरोगी असतात. २०१८ मधील एका अभ्यासानुसार अशा काही व्यक्तींत त्याच जीनात आणखी एक बदल असतो व विकाराशी त्याचा संबंध अधिक जवळचा दिसतो. त्यामुळे केवळ या एका चाचणीवरून एखाद्याच्या हृदयाचे भवितव्य सांगणे योग्य ठरत नाही. शतकातून चार जणांना लागू होणारी गोष्ट भीतीचा विषय न होता सावधगिरीचा विषय व्हावी, यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारतातील अन्य कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी फळमाशीवरील आनुवंशिकीय संशोधनाची परंपरा निर्माण केली. त्या परंपरेतील के. विजयराघवन व त्यांचे सहकारी यांनी माशीच्या उड्डाणस्नायूंची घडण कशी होते याचा अभ्यास केला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (स्थापना २००६) टिटिनाच्या एकाच घडीचा ताठरपणा व तिच्यातील अंतर्गत घर्षण अणुबल सूक्ष्मदर्शकाने मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. घडी किती बलाने व किती वेगाने प्रतिसाद देते हे कळल्याखेरीज ती ताणाचा संवेदक आहे की नाही याचा निर्णय करता येणार नाही. त्या दृष्टीने अशा मापनांचे महत्त्व आहे.

सद्यःस्थिती : आकुंचनाचे यंत्र व संदेशाचे जाळे ही दोन वेगळी खाती नसून एकाच प्रथिनसमूहाची दोन कामे आहेत, हे आता सर्वमान्य आहे. मायोसीन बल निर्माण करते आणि एटीपीही फोडते. कॅल्शियम स्नायू आखडविते आणि जीनांना चालनाही देते. डिस्ट्रोफिन बल वाहून नेते आणि रक्तप्रवाहाचा निरोपही बाळगते. मात्र ताण सर्वप्रथम नेमके कोणते प्रथिन ओळखते, एक प्रथिन की अनेक, आणि आखूड होताना पडलेला ताण व ताणले जाताना पडलेला ताण यांत कोशिका भेद कसा करते, यांविषयी एकमत झालेले नाही. या प्रश्नांवर व्यवहारातील बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या स्नायूंची झीज, अवकाशवीरांच्या स्नायूंची दुर्बलता, स्नायु-अपपोषणाच्या रुग्णाने किती व कोणता व्यायाम करावा याची मर्यादा, या सर्वांची उत्तरे त्यांत दडलेली आहेत. हृदयाची भिंत जाड होण्याच्या विकारात मायोसिनाच्या कार्याला थेट आवर घालणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले. स्नायुखंडातील प्रथिनालाच लक्ष्य करणाऱ्या उपचारांची शक्यता त्यामुळे प्रत्यक्षात आली आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत मात्र या सर्व संशोधनाने तालमीतील जुन्या नियमाला दुजोराच दिला आहे : श्रम क्रमाने वाढवावा, त्याला अन्नाची व विश्रांतीची जोड द्यावी, आणि त्यात खंड पडू देऊ नये.